आरोग्याचे ऑनलाइन शिक्षण : कोणती अट राखायची, कोणती मोडायची?

‘घरबसल्या नर्सिंग करा, सहा महिन्यांत सर्टिफिकेट, मुलींना फीमध्ये खास सवलत’ अशा जाहिराती आपल्या मोहल्ल्यांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सतत फिरत असतात. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, परभणी, कुठेही जा, जाहिरात तीच, फक्त फोन नंबर वेगळा. बारावीनंतर घरी असलेली मुलगी, नोकरी सांभाळून शिकू पाहणारा तरुण आणि लग्नानंतर पुन्हा पुस्तक हातात घेणारी स्त्री यांना ती जाहिरात आपल्यासाठीच काढल्यासारखी वाटते. कॉलेज दूर, हॉस्टेल महाग आणि घरच्यांची परवानगी अवघड असल्यावर मोबाइलवर होणारा कोर्स हाच मार्ग उरतो.

त्यात २०२५ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, एक मोठा निर्णय घेतला. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून आरोग्यसेवेशी संबंधित अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवता येणार नाहीत, असे सर्व विद्यापीठांना कळवण्यात आले. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषणशास्त्र, जैवतंत्रज्ञान, आहारशास्त्र हे विषय त्यात आले. ज्या विद्यापीठांना आधी मान्यता मिळाली होती, त्यांनीही या विषयांत नवीन प्रवेश देऊ नयेत, असे आयोगाने सांगितले. नवख्या विद्यार्थ्याला नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी या गोष्टी दूरस्थ पद्धतीने शिकता येत नव्हत्याच. आता मानसशास्त्राची पदवी घेऊन समुपदेशक होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या मुलींसाठीही ते दार बंद झाले.

यावर आपल्याकडे दोन प्रतिक्रिया उमटताना दिसतात. एक म्हणते, ‘गरिबांचा आणि मुलींचा शेवटचा रस्ताही काढून घेतला.’ दुसरी म्हणते, ‘बरे झाले, बोगस डिग्र्यांचा बाजार थांबेल.’ मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. कोणत्याही अभ्यासक्रमाला अटी असतात. त्यातल्या काही रुग्णाचे रक्षण करण्यासाठी असतात आणि काही केवळ माणसाला बाहेर ठेवण्याचे काम करतात. पहिल्या अटी आपण राखल्या पाहिजेत, दुसऱ्या मोडण्यासाठी लढले पाहिजे. आपली गडबड अशी होते की आपण पहिल्यांतून पळवाट शोधतो आणि दुसऱ्यांना नशीब समजून गप्प बसतो.

हात लावल्याशिवाय येत नाही

आधी रुग्णाच्या बाजूने पाहू. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसे वळवायचे, म्हणजे त्याच्या पाठीला जखमा होणार नाहीत आणि आपली कंबरही मोडणार नाही, हे व्हिडिओ पाहून कळते, पण जमत नाही. नाडी मोजणे, शीर शोधणे, ड्रेसिंग बदलताना हात निर्जंतुक ठेवणे, लघवीची नळी लावलेल्या म्हाताऱ्या माणसाची लाज राखून त्याला स्वच्छ करणे, आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या मुलासमोर शांत बसणे, हे सगळे कुणीतरी जाणकार बाजूला उभे असताना, चुका दुरुस्त करून घेत शिकावे लागते.

२०२१ मध्ये संसदेने नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा केला. लॅब टेक्निशियन, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, एक्स-रे काढणारे तंत्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ, रुग्णालयातले समाजकार्यकर्ते अशा अनेकांना हा कायदा लागू होतो. या कायद्यातल्या व्याख्येनुसार ‘अलाइड’ व्यावसायिकाच्या शिक्षणाचे किमान २,००० तास आणि ‘हेल्थकेअर’ व्यावसायिकाच्या शिक्षणाचे किमान ३,६०० तास व्हायला हवेत, आणि तेही काही महिन्यांत उरकून नाही. पहिल्यासाठी दोन ते चार वर्षे, दुसऱ्यासाठी तीन ते सहा वर्षे असा काळ ठरवला आहे. सहा महिन्यांत घरबसल्या नर्स किंवा टेक्निशियन बनवणारी जाहिरात या आकड्यांच्या शेजारी ठेवून पाहा.

या अटीची गरज आपल्याला इतरांपेक्षा जास्त आहे. कामगार वस्त्यांतल्या छोट्या नर्सिंग होममध्ये ‘सिस्टर’ म्हणून काम करणाऱ्या कितीतरी मुलींकडे कोणतीच नोंदणी नसते, हे आपण जाणतो. कमी पगारात त्यांना ठेवले जाते, इंजेक्शन-सलाईन त्यांच्या हातून दिले जाते आणि काही बिघडले तर डॉक्टर हात झटकतो. घरी रुग्ण सांभाळायला माणूस पुरवणाऱ्या ब्युरोंचीही तीच तऱ्हा. तिथे राबणारी मुलगी आपली असते आणि त्या खाटेवर झोपलेली दादी किंवा अब्बाही आपलेच असतात. प्रशिक्षणाची अट सैल झाली तर नुकसान दोघांचेही आहे. म्हणून ‘प्रॅक्टिकल माफ करा’ ही मागणी आपण कधीही करू नये.

परदेशाचे आमिष

हाच बाजार विमानाचे तिकीट दाखवूनही चालतो. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमानांचे इंग्लंड आणि आखाताशी जुने नाते आहे. त्यामुळे ‘हेल्थ अँड सोशल केअरचा ऑनलाइन डिप्लोमा करा आणि यूकेला जा’ ही जाहिरात तिथे लगेच पटते. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनने केअर वर्करना हेल्थ अँड केअर व्हिसाच्या यादीत घेतले, तेव्हा हा रस्ता खरोखर उघडा होता. मार्च २०२४ पासून या कामगारांना कुटुंब सोबत नेण्यास मनाई झाली. २२ जुलै २०२५ पासून तर परदेशातून नव्या केअर वर्करची भरतीच बंद झाली. आज कुणी ऑनलाइन डिप्लोमाच्या जोरावर हा व्हिसा मिळवून देतो म्हणत असेल, तर तो बंद झालेल्या दाराची किल्ली विकतो आहे.

खुद्द ब्रिटनमध्येही हे काम केवळ पडद्यावर शिकवले जात नाही. तिथे नव्याने लागलेल्या केअर वर्करला केअर सर्टिफिकेट नावाचे प्राथमिक प्रशिक्षण देतात. त्यातली माहिती ऑनलाइन वाचता येते, पण रुग्णाशी किंवा वृद्धाशी तो प्रत्यक्ष कसा वागतो हे कामाच्या जागी कुणीतरी पाहून तपासावे लागते. आखातात नर्स म्हणून जायचे तरी आधी मान्यताप्राप्त शिक्षण, इथली नोंदणी आणि मग तिथली परवाना परीक्षा, हा क्रम चुकत नाही. कागद तपासणारी यंत्रणा मूळ संस्थेपर्यंत पोचते. तेव्हा तीस-चाळीस हजार रुपये भरून घेतलेले सर्टिफिकेट विमानतळापर्यंतही नेत नाही.

ज्या अटींनी रुग्णाचे काहीच भले होत नाही

आता दुसऱ्या बाजूच्या अटी पाहू. २०२४ पासून दूरस्थ किंवा ऑनलाइन कोर्सला प्रवेश घ्यायचा तर ‘डेब आयडी’ काढावा लागतो. तो काढण्यासाठी आधी अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खाते लागते आणि त्यासाठी आधारवरचे नाव जुळावे लागते. कागदावर हे पाच मिनिटांचे काम आहे. पण आपल्या घरात एकाच मुलीचे नाव शाळेच्या दाखल्यावर ‘शेख’ने सुरू होते, आधारवर ‘शेख’ने संपते आणि गुणपत्रिकेवर इंग्रजी स्पेलिंग तिसरेच असते. बापाचे नाव कुठे पूर्ण, कुठे अर्धे. राजपत्रात नाव बदलून घेणे, प्रतिज्ञापत्र, पुन्हा आधार केंद्राची रांग, यात प्रवेशाची मुदत निघून जाते. नावाच्या स्पेलिंगचा आणि रुग्णाच्या सुरक्षिततेचा काय संबंध?

भाषेची अडचण याहून मोठी आहे. उर्दू किंवा मराठी माध्यमातून बारावी झालेल्या मुलीसमोर एकदम इंग्रजी पुस्तके येतात. आरोग्यसेवेत इंग्रजी शब्द लागतात, हे खरे. औषधाचे नाव आणि डोस चुकून चालत नाही. पण रक्तदाब म्हणजे काय, हे समजण्यासाठी इंग्रजी परिच्छेद पाठ करण्याची गरज नसते. जी मुलगी पुढे मराठी, हिंदी, उर्दू बोलणाऱ्या रुग्णांशीच बोलणार आहे, तिला समजावताना या भाषा वापरायला हरकत कोणाची? नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठीतून दूरशिक्षण देते. म्हणजे हे अशक्य नाही.

मग मोबाइल. अनेक घरांत चार भावंडांत एक फोन असतो आणि तो सकाळी कामावर जाणाऱ्याच्या खिशात जातो. मुलीच्या हाती तो रात्री दहानंतर येतो. लाइव्ह लेक्चरला हजेरी सक्तीची असेल, व्हिडिओ डाउनलोड करून ठेवता येत नसेल, तर ऑनलाइन कोर्स हा फक्त स्वतःचा फोन आणि स्वतःची खोली असलेल्यांसाठीच उरतो.

आणि अपंग विद्यार्थी? त्यांच्याविषयी आपल्या समाजाच्या बैठकांत फार क्वचित बोलले जाते. घराबाहेर पडणे ज्याला खरोखर कठीण आहे, त्याच्यासाठी ऑनलाइन शिक्षण ही सोय नसून गरज आहे. तरीही त्याच्यापुढे स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफ टाकली जाते. स्क्रीन रीडरला ती पाने म्हणजे नुसते चित्र, त्यामुळे दृष्टिहीन विद्यार्थ्याला त्यातला एक शब्दही ऐकू येत नाही. व्हिडिओला खाली अक्षरे नसली की कर्णबधिर विद्यार्थी बाहेर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवायला सांगितल्या आहेत. एप्रिल २०२५ मध्ये, अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींच्या आणि एका दृष्टिहीन नागरिकाच्या याचिकांवर निकाल देताना, सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले.

त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये, ओंकार गोंड प्रकरणात, याच न्यायालयाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. अपंगत्वाची टक्केवारी ठरावीक आकड्यापेक्षा जास्त आहे, एवढ्यावरून कुणाला वैद्यकीय शिक्षणाचा प्रवेश नाकारता येणार नाही. त्या व्यक्तीला अभ्यासक्रम झेपेल की नाही, हे तपासावे लागेल. एमबीबीएसच्या एका जागेपुरता हा निकाल वाटला तरी त्यातला विचार सगळ्याच अटींना लावता येतो. हे काम या माणसाला करता येईल का, एवढेच अटीने विचारावे. त्याच्या घरी किती फोन आहेत, त्याच्या नावाचे स्पेलिंग काय आणि तो कोणत्या माध्यमात शिकला, हे विचारून त्याला परत पाठवू नये.

‘घरबसल्या’ हा शब्द कुणाला आवडतो?

इथे थोडे आपल्या घरातही डोकावले पाहिजे. या जाहिरातींतला सगळ्यांत जास्त विकला जाणारा शब्द ‘नर्सिंग’ हा नाही, तो आहे ‘घरबसल्या’. मुलगी शिकेल आणि उंबरठाही ओलांडणार नाही, हा सौदा अनेक अब्बांना आणि भावांना सोयीचा वाटतो. पण सेवेचे काम घरबसल्या होत नाही. जी मुलगी शिकण्यासाठी बाहेर जाऊ शकत नाही, तिला नोकरीसाठी वॉर्डात, रात्रपाळीत, पुरुष रुग्णाच्या खाटेजवळ कोण जाऊ देणार? मग ते सर्टिफिकेट लग्नाच्या बायोडेटात एक ओळ बनून राहते.

‘आपल्यात असले काम करत नाहीत,’ असे कुणी म्हणाले तर त्याला रुफैदा अल-अस्लमिया यांचे नाव जरूर सांगा. मदीनेत मशिदीजवळ तंबू उभारून जखमींवर उपचार करणारी स्त्री म्हणून त्यांचे नाव परंपरेने जपले आहे. आणि आपल्या महाराष्ट्रात १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाई फुले यांना तो आजार जडला आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. दोघींनीही सेवा दुरून केली नाही.

तरी घरच्यांची प्रत्येक काळजी चुकीची म्हणून उडवून लावू नये. रात्री अकराला शिफ्ट संपल्यावर शेवटची बस नसते, हॉस्टेलमध्ये जागा नसते, भाड्याने खोली मागितली तर आडनाव ऐकून नकार येतो, हे सगळे खरे आहे. पण या काळजीवर उपाय मुलीला घरी ठेवणे हा नाही. मुलींसाठी हॉस्टेल, शिफ्टनंतर घरी सोडणारी गाडी आणि तालुक्याच्या जवळ प्रशिक्षणाची सोय, हे उपाय आहेत आणि ते मागता येतात.

आज उघडी असलेली दारे

बंद दारावर डोके आपटण्याआधी कोणती दारे उघडी आहेत हे माहीत असावे. जीएनएम हा तीन वर्षांचा नर्सिंग डिप्लोमा आहे. त्यासाठी बारावीला इंग्रजी विषय आणि ४० टक्के गुण लागतात, विज्ञान शाखा सक्तीची नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, बारावी झालेल्यांनाही तो चालतो. शाळा मध्येच सुटलेल्या मुलीसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, कारण तिची बारावी मुक्त विद्यालयातून होऊ शकते आणि पुढचे नर्सिंग नियमित कॉलेजातून. चार वर्षांच्या बीएस्सी नर्सिंगला मात्र भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन बारावी व्हावी लागते. राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षाही द्यावी लागते, आणि ती तयारी ऑनलाइन उत्तम होते.

फीचेही पाहा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासन भरते. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यात नाहीत. मोमीन, बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. बाकीच्या अनेक कुटुंबांना ईडब्ल्यूएस दाखला मिळू शकतो. म्हणजे नियमित नर्सिंग कॉलेजात जिची फी माफ होऊ शकते, तीच मुलगी दाखला वेळेत न काढल्याने बोगस ऑनलाइन कोर्सला पदरचे पैसे भरते. ही शोकांतिका तहसील कार्यालयाच्या दोन फेऱ्यांत टळू शकते.

समाजकार्याची पदवी इग्नूसारख्या विद्यापीठातून दूरस्थ पद्धतीने करता येते, पण तिथेही क्षेत्रकार्य आहे, वस्तीत जाऊन केलेल्या कामाची नोंद द्यावी लागते. ‘स्वयम’ या सरकारी व्यासपीठावरचे कोर्स फुकट शिकता येतात. कोणताही ऑनलाइन कोर्स घेण्याआधी मात्र तीन प्रश्न विचारा. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर या विद्यापीठाचे आणि या कोर्सचे नाव आहे का? कोर्सनंतर कोणत्या कौन्सिलकडे नोंदणी होते? प्रॅक्टिकल कोणत्या रुग्णालयात, किती तासांचे? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर पैसे खिशातच ठेवा.

मागणी काय असावी

यूजीसीच्या निर्णयात एक उणीव आहे आणि त्यावर बोट ठेवलेच पाहिजे. दार बंद करताना दुसरे उघडलेले नाही. २०२१ पासूनच्या यूजीसीच्या नियमांनुसार नियमित कोर्सचे ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम’वरून मिळवता येतात. मग आरोग्याच्या अभ्यासक्रमातही पुस्तकी भाग ऑनलाइन आणि प्रत्यक्ष काम जवळच्या सरकारी रुग्णालयात, अशी मिश्र पद्धत नीट आखता येईल. तास एकही कमी करू नका. फक्त ते तास मुलीच्या तालुक्याजवळ आणा. मालेगाव, भिवंडी, परभणीच्या सरकारी रुग्णालयांना प्रशिक्षण केंद्रे करा. अभ्याससाहित्य मराठी-उर्दूत, स्क्रीन रीडरला वाचता येईल असे आणि डाउनलोड करून ठेवण्याजोगे असू द्या. नावातल्या फरकासाठी एका प्रतिज्ञापत्रावर तात्पुरता प्रवेश द्या आणि दुरुस्तीला मुदत द्या.

ही मागणी सरकारकडे आहे. एक काम मात्र आपल्याच हातात आहे. दहावी-बारावीच्या निकालानंतर आपल्या संघटना गुणवंतांचे सत्कार करतात, हार आणि ट्रॉफ्या देतात. त्याच्या एक वर्ष आधी, अकरावीतच, मोहल्ल्यातल्या मुला-मुलींच्या कागदांवरची नावे जुळवून देणारे, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढून देणारे आणि सीईटीचा फॉर्म भरून देणारे एक टेबल मांडले तर? त्याला फार पैसा लागत नाही. एक लॅपटॉप, दोन माहीतगार तरुण आणि रविवारची सकाळ पुरे. हा लेख वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना हे जमू शकते. पुढच्या जूनपर्यंत तुमच्या वस्तीतून किती मुली खऱ्या नर्सिंग कॉलेजात गेल्या, यावर आपले काम मोजू या.